‘तडीपार’ : पोलिसांच्या आदेशातला शब्द रॅपच्या अल्बमवर कसा आला?

पुणे : ‘सराईत गुन्हेगार जिल्ह्यातून तडीपार’ ही बातमी आपण नेहमी वाचतो. पण घरातल्या पोराला ‘तडीपार’ विचारा, तो गाणं लावेल. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन, म्हणजेच अल्ताफ शेख, याचा हा पहिला अल्बम. आला २०२० साली.

आधी शब्द समजून घेऊ. तड म्हणजे नदीचा काठ. तडीपार म्हणजे काठापलीकडे घालवलेला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५ ते ५७ नुसार असा आदेश निघतो, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आपल्याकडे त्यावर बहुधा प्रांताधिकाऱ्यांची सही असते. अर्थात अल्बमचं नाव म्हणजे काही पोलिसांची नोंद नव्हे.

स्टॅन ताडीवाला रोडचा. पुणे स्टेशनजवळची दाट वस्ती, एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला नदी. अशा वस्तीत हा शब्द पेपरातून कळत नाही, कुणाच्या तरी घरावरून कळतो. पोरगं आधी कव्वाली गायचं. आठवीत लिहिलेल्या गाण्याचं नाव ‘भलती पब्लिक’. गाणी हिंदीत असली तरी ‘भलती’ कुठून आलं ते सांगायला नको! त्याची हिंदी पुण्याच्या वस्तीतली आहे, मराठी शब्द त्यात सर्रास येतात.

मग वाद कशाचा? एक, शिव्या. दुसरा, ऑटोट्यून. गायकाचा सूर संगणकावर दुरुस्त करणारं हे तंत्र. जास्त वापरलं की आवाज यंत्रातून आल्यासारखा होतो. यात्रेतल्या डीजेवर तो आपण ऐकलेलाच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ सिनेमा आला आणि मुंबईचा रोखठोक, शब्द नीट कळणारा रॅप घराघरांत गेला. त्या कानांना स्टॅनचं पुटपुटणं खटकलं. त्यात मुंबईच्या एमिवेसोबत त्याची गाण्यांतून जुंपली होती. याला ‘डिस’ म्हणतात. आपल्या कलगी-तुऱ्याचाच प्रकार समजा, फक्त इथे सभ्यतेची हमी नाही.

चाहत्यांना मात्र तेच आवडलं. हा आपल्यासारखा बोलतो, आपल्या गल्लीचं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. मराठी पेपरात रॅपच्या अल्बमचं परीक्षण क्वचितच येतं. निकाल लागला तो यूट्यूबवर.

घरच्या मोठ्या माणसांना त्याचं नाव कळलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, ‘बिग बॉस १६’ जिंकल्यावर. उपविजेता होता आपला अमरावतीचा शिव ठाकरे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये इंदूरचा त्याचा कार्यक्रम शिव्यांच्या आक्षेपावरून बंद पाडला गेला. म्हणजे ट्रॉफी मिळाली तरी जुना आक्षेप तसाच राहिला.

आमच्या मते शिव्यांवरचा आक्षेप खोटा नाही. काही ठिकाणी त्या निव्वळ भरताड वाटतात. पण याच पोराने ‘अस्तग़फ़िरुल्लाह’ नावाचं गाणं केलंय. त्या शब्दाचा अर्थ, देवा, मला माफ कर. नुसत्या शिव्या मोजणाऱ्याला हा स्टॅन दिसत नाही.

ऐकायचं असेल तर गाणी यूट्यूबवर आहेत. हेडफोन मात्र लावा, ओसरीवर आजी बसलेली असते.