सरस सुकेपर्यंत 'सावधान'!

छंदवर्गात सुतारकाम घेतलेल्या कॅडेट्सचा पहिला हट्ट चांगल्या करवतीचा असतो, दुसरा रंध्याचा. क्लॅम्प कोणी मागत नाही. मग वर्षभरात टेबलाची फळी सांध्यातून उघडली की दोष सरसाला दिला जातो. वास्तविक आजचा पांढरा सरस, ज्याला आपण सगळे फेविकॉल याच नावाने ओळखतो, नीट दाबून धरला तर फार मजबूत असतो. लांबीने जोडलेल्या दोन फळ्या तोडायला गेलात तर पुष्कळदा सांधा टिकतो आणि शेजारचे लाकूडच फाटते. त्यासाठी दोन्ही कडा एकमेकींना घट्ट भिडून, न हलता राहायला हव्यात. सरस सुकेपर्यंत लाकडाला 'सावधान'मध्ये उभे ठेवणारा हवालदार म्हणजे क्लॅम्प.

एवढा जोर येतो कुठून, हे भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकलेल्या स्क्रूवरून कळेल. समजा, क्लॅम्पची आडवी दांडी मध्यापासून टोकापर्यंत 5 सेंमी आहे आणि दोन आट्यांमधले अंतर 3 मिमी. एका फेऱ्यात हात सुमारे 31 सेंमी फिरतो, पण स्क्रू फक्त 3 मिमी पुढे सरकतो. म्हणजे हिशेबाने जोर सुमारे 100 पट. घर्षणात त्यातला मोठा भाग जातो, तरी उरलेला पुरून उरतो. आणि त्या घर्षणाला नावे ठेवू नका; हात काढल्यावर स्क्रू उलटा फिरत नाही तो त्याच्यामुळेच.

आता प्रकार. जी-क्लॅम्प (दुकानात सी-क्लॅम्प म्हणूनही मिळतो) छोटा, ताठ आणि भरपूर दाब देणारा. मात्र त्याचा गळा उथळ असतो, म्हणून कडेपासून फार आत पोहोचत नाही. एफ-क्लॅम्पचा एक जबडा पट्टीवर सरकतो, त्यामुळे लावायला झटपट. तो जबडा किंचित तिरका होऊन पट्टीला चावतो, म्हणून धरतो. पट्टीला तेल लागले की तो घसरलाच म्हणून समजा. रुंद फळ्या, दारे, टेबलाचे पृष्ठभाग यांना लांब पट्टीचा सॅश क्लॅम्प लागतो. स्प्रिंग क्लॅम्प म्हणजे मोठा कपड्यांचा चिमटा. खूण करताना पट्टी धरायला उत्तम, मोठा सांधा दाबायला नाही. कॉर्नर क्लॅम्प दिसायला आकर्षक असतो, पण माझ्या मते नवशिक्याने त्यावर पैसे घालू नयेत. चौकट काटकोनात आहे का हे गुण्याने आणि दोन्ही कर्णांची लांबी मोजूनही कळते. एक कर्ण जास्त भरला तर क्लॅम्प थोडा ढिला करून त्या कर्णाच्या दिशेने जरा तिरका लावायचा आणि पुन्हा मोजायचे.

'किती क्लॅम्प घेऊ?' हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. उदाहरण घेऊ. वसतिगृहातल्या अभ्यासाच्या टेबलासाठी 4 इंच रुंद आणि 3 फूट लांब अशा तीन फळ्या जोडायच्या आहेत. क्लॅम्पचा दाब जबड्यापासून पुढे साधारण 45 अंशांत पसरतो. म्हणजे 4 इंच आत असलेल्या सांध्यापर्यंत पोहोचताना एका क्लॅम्पचा दाब सुमारे 8 इंच लांबीवर पसरलेला असतो. 36 इंचांना 8-8 इंचांवर पाच क्लॅम्प लागतील. आता जबडा आणि फळी यांच्यामध्ये 2 इंच रुंदीची, सरळ आणि ताठ अशी टाकाऊ पट्टी पूर्ण लांबीभर ठेवा. सांधा जबड्यापासून 6 इंचांवर गेला, दाब 12 इंचांवर पसरला आणि तीन क्लॅम्पमध्ये काम झाले. लाकडाच्या एका फुकटच्या तुकड्याने दोन क्लॅम्पचे पैसे वाचवले. शिवाय फळीच्या कडेवर जबड्याचे वळ उमटले नाहीत ते वेगळेच.

हे तीन क्लॅम्प एकाच बाजूने लावू नयेत. दोन खालून, एक वरून. नाहीतर फळी पन्हाळीसारखी वाकते. लोखंडी पट्टी आणि ओला सरस यांच्यामध्ये कागद ठेवावा, कारण काही लाकडांवर लोखंडाचा काळा डाग पडतो आणि तो रंधा मारूनही सहज जात नाही.

सरस लावण्याआधी कोरडी जुळणी करून पाहायचीच. कोरडेपणी सांध्यात फट दिसत असेल तर रंधा पुन्हा हाती घ्या. क्लॅम्पच्या जोरावर ओढून बुजवलेली फट आतल्या आत ताण देत राहते आणि कधीतरी उघडते. दाब किती द्यायचा? सांध्याच्या पूर्ण लांबीवर सरसाचे बारीक मणी दिसले की थांबायचे. दांडीत पाइप अडकवून आणखी आवळले तर सरस बाहेर पळतो आणि सांधा उपाशी राहतो. त्यानंतर निदान तासभर क्लॅम्पला हात लावू नये आणि वजन 24 तासांनंतरच टाकावे. पावसाळ्यात आणि उत्तरेकडच्या कडक थंडीत याहून जास्त वेळ द्यावा.

सुट्टीत घरी क्लॅम्प नसतील तर सुतारांची जुनी युक्ती वापरा. जाड फळीवर दोन पट्ट्या ठोका, मध्ये काम ठेवा आणि उरलेल्या जागेत एकमेकींविरुद्ध तोंड केलेल्या दोन पाचरी हातोडीने सारा. गोल किंवा वाकड्या वस्तूंना सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली तरी चांगला दाब बसतो. खुर्चीच्या पायांना सुती दोरीचा वेढा देऊन त्यात काठी घालून पिळावे.

क्लॅम्पचे आणखी एक काम सरसाइतकेच महत्त्वाचे आहे, ते म्हणजे हात वाचवणे. भोक पाडताना छोटा तुकडा हाताने धरला आणि ड्रिलचे पाते अडकले, तर तो तुकडा पात्यासह गरकन फिरतो. तुकडा बाकाला दोन ठिकाणी आवळावा. एकाच क्लॅम्पभोवती तो फिरू शकतो. हाताच्या दुखापतीमुळे कवायत आणि खेळ दोन्ही बुडतात, हे कॅडेटला वेगळे सांगायला नको.

पहिल्या खरेदीसाठी 4 इंची जी-क्लॅम्प चार, फूटभराचे एफ-क्लॅम्प चार आणि 3 फुटी सॅश क्लॅम्प तीन, एवढे पुरेत. तेही जसे काम निघेल तसे घ्यावेत. घेताना क्लॅम्प दुकानातच बंद करून पाहा. जबडे समोरासमोर यावेत, स्क्रूच्या टोकाची चकती मोकळी फिरावी आणि आटे जाड, खोल असावेत. ओतीव लोखंडाची चौकट फरशीवर पडली तर तडकू शकते, म्हणून मुलांच्या कार्यशाळेला घडीव पोलादाची बरी. काम झाले की वाळलेला सरस खरवडून काढावा आणि तेलाचा थेंब फक्त स्क्रूच्या आट्यांवर सोडावा.