पाडा कुठला? यीस्टच्या पेशीतले प्रथिनांचे पत्ते

आज आपण एका नकाशाबद्दल बोलणार आहोत. हा मुलूख इतका लहान आहे की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही: यीस्टची एक पेशी. एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले, तर त्यातला एक भाग, एवढीच तिची रुंदी.

नंदुरबारकरांना यीस्ट नवीन नाही. सातपुड्यात मोहाची फुलं वेचतात, वाळवतात आणि पुढे पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत मडक्यात बुडबुडे येऊ लागतात. ते काम यीस्टचं. फुलातली साखर खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. पाव फुगतो तोही यीस्टमुळेच.

आता ही कामं पेशीत कोण करतं? प्रथिनं. यीस्टमध्ये सुमारे सहा हजार जनुकं आहेत आणि त्यातलं जवळपास प्रत्येक जनुक एकेका प्रथिनाची कृती सांगतं. १९९६ साली यीस्टच्या सोळाही गुणसूत्रांचं वाचन पूर्ण झालं. म्हणजे प्रथिनांची यादी हाती आली. पण यादी म्हणजे पत्ता नव्हे. अक्कलकुव्यात जाऊन नुसतं ‘पाडवींचं घर कुठे?’ असं विचारलं, तर लोक उलट विचारणार, ‘कुठल्या पाड्यावरचे?’ प्रथिनांचंही तसंच आहे.

पेशीतही पाडे असतात. मध्ये केंद्रक, तिथे जनुकं. ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया. काही खास रसायनं हाताळणारे छोटे पेरॉक्सिझोम. आणि या सगळ्यांच्या भोवती पेशीद्रव. मडक्यातल्या अल्कोहोलचंच उदाहरण घेऊ. त्याची शेवटची पायरी करणारं प्रथिन म्हणजे एडीएच-१. ते पेशीद्रवात असतं. त्याचाच एक भाऊ एडीएच-३. दोघांची ठेवण बरीच सारखी, पण हा राहतो मायटोकॉन्ड्रियात. का? कारण त्याच्या सुरुवातीला एक जादा तुकडा असतो. तोच त्याचा पत्ता. आत पोचल्यावर हा तुकडा कापून टाकला जातो. प्रथिनांच्या अंगावरच असे पत्ते लिहिलेले असतात, हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

मग सहा हजार प्रथिनांचे पत्ते शोधायचे कसे? इथे मदतीला आली जेलीफिश. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली या समुद्री जिवातून हिरवं चमकणारं एक प्रथिन वेगळं केलं होतं. त्याला जीएफपी म्हणतात. निळा प्रकाश टाकला की ते हिरवं दिसतं. त्याचं जनुक दुसऱ्या जनुकाच्या शेवटी जोडलं, की तयार होणारं प्रथिन शेपटीला दिवा बांधूनच जन्माला येतं. मग सूक्ष्मदर्शकातून बघायचं, दिवा कुठे लागलाय. याच जीएफपीसाठी शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिन ओ’शे आणि जोनाथन वाइसमन यांच्या गटांनी हेच काम जवळजवळ सगळ्या प्रथिनांसाठी केलं. यीस्टचे हजारो वाण तयार केले आणि प्रत्येक वाणात एकाच प्रथिनाला दिवा बांधला. दिवा जनुकाच्या मूळ जागीच जोडला, म्हणजे प्रथिन नेहमीएवढंच तयार होईल. वोन-की हू हे पहिले लेखक असलेला त्यांचा निबंध २००३ साली ‘नेचर’मध्ये आला. ४,१५६ प्रथिनं, म्हणजे एकूण प्रथिनांपैकी सुमारे ७५ टक्के, त्यांनी २२ प्रकारच्या ठिकाणांत वाटून दाखवली. ज्यांचा ठावठिकाणा तोवर माहीत नव्हता, अशांपैकी ७० टक्के प्रथिनांची माहिती यातून मिळाली.

हा नकाशा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, दिवा शेपटीला बांधलाय. पेरॉक्सिझोमकडे जाणाऱ्या बऱ्याच प्रथिनांचा पत्ता नेमका शेपटीवरच असतो. तो झाकला गेला की प्रथिन भलतीकडेच दिसू शकतं. दोन, प्रथिनं जागा बदलतात. एमएसएन-२ नावाचं प्रथिन साखर मुबलक असताना पेशीद्रवात असतं. साखर संपली की ते केंद्रकात शिरतं आणि तंगीत लागणारी जनुकं चालू करतं. म्हणजे हा नकाशा एका विशिष्ट वेळचा आहे.

तुम्ही म्हणाल, यीस्टचं ठीक आहे, माणसाला याचा काय उपयोग? आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचा आजार घरोघरी माहीत आहे. तिथे हिमोग्लोबिन योग्य जागी, तांबड्या पेशीतच असतं. त्याच्या घडणीतला एक घटक बदललेला असतो आणि त्यामुळे पेशी कोयत्यासारखी वाकते. पत्ता बरोबर, घडण चुकलेली.

आता याच्या उलट पाहू. यकृतातलं एजीटी नावाचं प्रथिन पेरॉक्सिझोममध्ये असायला हवं. काही लोकांत दोन छोटे आनुवंशिक बदल एकत्र येतात आणि ते मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं. तिथे ते काम करू शकतं, पण ज्या पदार्थावर काम करायचं तो राहिला दुसऱ्या पाड्यावर! त्या पदार्थाचं ऑक्झॅलेट होतं, त्याचे खडे मूत्रपिंडात साठतात आणि पुढे मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. लंडनमधल्या संशोधकांनी १९८९ साली हे उलगडलं. तोवर कोडं होतं की यकृताच्या तपासणीत प्रथिन सापडतंय, कामही करतंय, मग रुग्ण आजारी का?

म्हणूनच प्रथिन आहे का आणि चांगलं आहे का, एवढं विचारून भागत नाही. ते कुठे आहे, हेही विचारावं लागतं. हा प्रश्न एकेका प्रथिनाला न विचारता अख्ख्या पेशीला एकदम विचारता येतो, हे यीस्टने दाखवून दिलं. माणसाच्या पेशींचा असाच नकाशा स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२ हजारांवर प्रथिनं आहेत. त्यातली जवळपास निम्मी एकापेक्षा जास्त ठिकाणी राहतात. तेव्हा पत्ता विचारताना एकाच उत्तरावर थांबायचं नाही, दुसरं घर कुठे आहे तेही विचारायचं.