दाढेजवळच्या सुईचं औषध जातं कुठं?

दाढ काढताना, बाळंतपणात टाके घालताना, कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर तेवढीच जागा बधिर करणारी सुई देतात. औषध बहुधा लिग्नोकेन असतं. काही तासांनी ओठाला पुन्हा जाण येते. मग बैठकीत बायका आम्हाला विचारतात, औषध गेलं कुठं?

ते हळूहळू रक्तात उतरतं. शिरांमधून हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून आधी फुप्फुसात जातं. मेंदूकडे जायची वाट फुप्फुसातूनच आहे. आपल्याला वाटतं फुप्फुस फक्त श्वासासाठी. पण मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त त्यातून फिरतं, आणि या जातीची औषधं त्याच्या पेशींना सहज चिकटतात. फुप्फुसाचा आतला भाग रक्तापेक्षा किंचित आंबट असतो, त्यामुळे आत शिरलेलं औषध तिथेच अडकून राहतं.

गावच्या बंधाऱ्यासारखंच म्हणा ना. पुराचं पाणी आलं की तो अडवतो, मग थोडं थोडं सोडतो. फुप्फुसही औषधाचा पहिला लोंढा अंगावर घेतं, म्हणून मेंदूला आणि हृदयाला एकदम झटका बसत नाही. नंतर औषध परत रक्तात येतं, यकृत त्याचा निकाल लावतं आणि उरलंसुरलं लघवीवाटे जातं.

पण बंधारा भरला की पाणी वरून वाहतंच. औषध जास्त झालं, किंवा सुई चुकून शिरेत जाऊन ते भरकन आत गेलं, तर फुप्फुसाला सगळं धरता येत नाही. म्हणून तर डॉक्टर सुई टोचल्यावर दट्ट्या जरा मागे ओढून रक्त येतं का बघतात, आणि औषध सावकाश सोडतात. बाई, त्यांना घाई करू नका!

मात्रा वजनावर ठरते. साध्या लिग्नोकेनची मर्यादा साधारणपणे किलोमागे ४.५ मिलिग्रॅम धरतात. २ टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ४० किलोच्या बाईला ९ मिलिलिटरच्या वर नाही. आपल्या कितीतरी जणी चाळीसच्या आतबाहेर आहेत, तेव्हा वजन अंदाजे सांगू नका, काट्यावर उभ्या राहा.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायच्या. एक, हृदयाला छिद्र आहे का. काहींचं रक्त त्या छिद्रातून फुप्फुसाला वळसा घालून थेट पुढे जातं, मग बंधारा असून नसल्यासारखा. दुसरी, चालू गोळ्या. धडधडीसाठी किंवा अर्धशिशीसाठी दिली जाणारी प्रोप्रानोलॉल फुप्फुसाची औषध धरायची ताकद कमी करते, आणि यकृताचं कामही मंदावते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पाकीट सोबत न्यायचं.

सुईनंतर त्या बाजूचा ओठ जड होणं ठीकच. पण तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर लोखंडासारखी चव, कानात गुणगुण, गरगरणं, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काही वाटलं तर तिथल्या तिथे सांगा. पुढे आचके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लगेच कळलं तर डॉक्टर सुई थांबवतात, प्राणवायू लावतात. शिबिरात टेबलावर पडलेली बाई ‘काय म्हणतील’ म्हणून गप्प राहते, आम्हाला त्याचीच भीती वाटते. सोबत गेलेल्या बाईनेही तिला बोलतं ठेवावं आणि सुई झाल्यावर निदान अर्धा तास घरी निघायची घाई करू नये.

अंगावर पाजणाऱ्या आयांनीही विचारलं होतं. लिग्नोकेन दुधात अगदी थोडं उतरतं, त्यासाठी बाळाचं दूध तोडायची गरज नाही.