मक्याची दूरची सोयरीक

अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत १८४७ सालीं रॉबर्ट रीड या शेतकऱ्याच्या मक्यांत जागोजाग नांग्या पडल्या. पेरलेलें बियाणें मूळचें ओहायोकडील होतें. रिकाम्या जागीं त्यानें स्थानिक, लवकर पिकणारा दुसराच वाण टोकला. वाऱ्यानें पराग इकडचा तिकडे नेला, दोहोंचा संकर झाला. रीडच्या मुलानें निवडून सुधारलेल्या त्या मक्यास १८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत पारितोषिक मिळालें. परक्या रक्तानें पीक बळावतें, याचें हें ढळढळीत उदाहरण होय.

पुढें मात्र सोयरीक घरांतल्या घरांतच होऊं लागली. अमेरिका खंडांत मक्याच्या दोनशेंहून अधिक कुळी असतां संयुक्त संस्थानांतील शेतें मुख्यतः एकाच कुळीवर विसंबलीं. संकरित बियाण्यासाठीं मादी-ओळींतील तुरे खुडावे लागतात. ती मजुरी वाचावी म्हणून तुऱ्यांत पराग न धरणारें एकच मातृबीज बहुतेक सर्वत्र वापरण्यांत आलें. १९७० सालीं करप्याच्या बुरशीस नेमकें तेंच मानवलें, आणि पिकाचा सुमारें १५ टक्के भाग बुडाला.

मग मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या रोगास दाद न देणाऱ्या वाणांचें बियाणें सरळ आणून पेरावें, असें श्रोत्यांच्या मनांत येईल. पण वनस्पतीसही दिवसाची लांबी कळते. उष्ण कटिबंधांतील मका लहान दिवसांस सरावलेला. आयोवांतील उन्हाळ्याच्या लांब दिवसांत तो नुसता उंच वाढत राहतो, तुरा उशिरां येतो, आणि दाणे भरण्यापूर्वींच हिम पडतें. म्हणून त्याचा प्रथम स्थानिक वाणाशीं संकर करावयाचा, कधीं तो संकर पुन्हा स्थानिक वाणाशींच करावयाचा. परकें रक्त निम्मे किंवा पाव उरलें, कीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करावयाची.

१९८७ सालीं बारा देशांनीं मिळून सुमारें १२,००० नमुने पारखण्यास आरंभ केला. त्यांतील निवडक वाणांवर १९९० नंतरच्या दशकांत आयोवांतील एम्स व उत्तर कॅरोलिनांतील रॅले येथें संकराचें काम सुरू झालें. एरव्हीं परस्परांच्या स्पर्धक असलेल्या बियाणें-कंपन्यांनींही त्यासाठीं आपले राखीव वाण दिले.

डोंगराळ मुलुखांतील शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलें बीं बरणींत जपलें, एवढ्यानें भागत नाहीं. शेतांत उतरण्याजोगें होण्यास त्याला अनेक वर्षें लागतात. आणि तहान लागल्यावर विहीर खणूं म्हटल्यास रोग तोंवर थांबत नाहीं.