कंबर किती अडवते, हे एमआरआय सांगत नाही

‘एमआरआयमध्ये दोन गाद्या सरकल्यात’ म्हटलं की कंबरदुखी गंभीर ठरली, हा समज काही केल्या जात नाही. त्यापायी धडधाकट माणसं वाकणं, चालणं सोडून देतात. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९४ साली आलेल्या अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासले होते. त्यांपैकी ५२ टक्के लोकांत किमान एका गादीला फुगवटा होता. सगळ्या गाद्या ठीक असलेले जेमतेम ३६ टक्के. मग निव्वळ चित्रावरून माणसाची अडचण कशी मोजणार? पाय लुळा पडणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप किंवा कर्करोगाचा पूर्वेतिहास असेल, तर एमआरआय हवाच. पण तो कारण शोधायला. रोजचं काय अडतं, हे माणसालाच विचारावं लागतं.

त्यासाठी इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्रीच्या अस्थिरोग रुग्णालयात तयार झालेली, १९८० साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली जगभर वापरतात. वेदना, अंघोळ-कपडे, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक जीवन, लोकांत मिसळणं आणि प्रवास असे तिचे दहा भाग. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेची टक्केवारी. ‘हे तर रुग्णाचं म्हणणं, त्याला काय अर्थ?’ असा आक्षेप हमखास येतो. पण ‘कंबर फार दुखते’ हे मोघम विधान इथे चालत नाही. किती वेळ बसता येतं, किती अंतर चालता येतं, यावर खूण करावी लागते. तीच प्रश्नावली उपचारांनंतर पुन्हा भरली की फरक कळतो. टक्केवारीत साधारण १० गुणांची घट झाली, तर रुग्णाला खरोखर फरक पडला, असं संशोधक धरतात. कोणी वाढवून सांगेल, ही शक्यता कर्त्यांनीही धरली होती: ८० टक्क्यांच्या वर गुण आले, तर रुग्ण अंथरुणाला खिळलेला आहे की अतिशयोक्ती करतोय, हे प्रत्यक्ष तपासावं, असं त्यांनीच सुचवलं. तिची खरी उणीव वेगळीच आहे. बसण्याचा प्रश्न खुर्चीपुरता आहे. मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून धुणं याबद्दल ती काहीच विचारत नाही. आपल्याकडे ते वेगळं विचारायलाच हवं.

बाकी गैरसमज थोडक्यात. या प्रश्नावलीतले ४० टक्के म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रावरचे ४० टक्के नव्हेत. वेदना दहापैकी आठ म्हणजे अडचणही तेवढीच, असं नसतं. आणि ‘दुखतंय तोवर पडून राहा’ हा सल्ला साध्या कंबरदुखीत चुकीचा आहे. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणाऱ्यांची कामं लवकर सुरळीत होतात.