लघु यंत्रशाळांची भागीदारी : निर्णयाची आर्थिक व वैधानिक बाजू

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, किंवा गोकुळ शिरगाव व शिरोली येथील औद्योगिक वसाहतींत हिंडणाऱ्याच्या एक गोष्ट सहज लक्षात येते. एका गाळ्यात लेथ चालू असतो, शेजारच्या गाळ्यात मिलिंग होते, पलीकडे कोणी केवळ ग्राइंडिंग करून देतो. आणि फौंड्रीतून आलेले एकच कास्टिंग या तिन्ही दारांतून फिरून मग गिऱ्हाइकाकडे रवाना होते. हे तिघे एकमेकांचे भागीदार नसतात. पुष्कळदा त्यांच्यात लेखी करारही नसतो. जॉबवर्कचा दर ठरलेला, चलन फाडलेले, आणि बाकीचा व्यवहार ओळखीवर. आल्फ्रेड मार्शल याने १८९० साली आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथात एकाच जागी वसलेल्या उद्योगांना मिळणाऱ्या ज्या बाह्य लाभांचे विवेचन केले, त्यांचेच हे रूप होय. येथे कौशल्य, सुटे भाग व दुरुस्ती करणारा माणूस ही सर्व हाकेच्या अंतरावर मिळतात.

मग अशा दोन यंत्रशाळांनी भागीदारी करावीच कशासाठी? रोनाल्ड कोस याने १९३७ साली उपस्थित केलेला प्रश्न नेमका हाच आहे. जी गोष्ट बाजारातून विकत घेता येते ती एका संस्थेच्या छत्राखाली आणण्याचे कारण काय? त्याचे उत्तर असे की बाजाराचा उपयोग करण्यासही खर्च पडतो. दर ठरविणे, करार करणे, तो पाळला जातो की नाही हे पाहणे, यांपैकी काहीही फुकट होत नाही. हा खर्च एकत्र येण्याच्या खर्चापेक्षा अधिक असेल तरच एकत्र यावे. प्रस्तुत लेखात हे तत्त्व एका कल्पित उदाहरणास लावून पाहावयाचे आहे.

समजा, अ आणि ब अशा दोन यंत्रशाळा आहेत. दोघांनाही व्हीएमसी यंत्राची गरज आहे. यंत्राची किंमत ३० लाख रुपये. सहा वर्षांत ती वसूल करावयाची म्हटल्यास वर्षाला ५ लाख, सरासरी गुंतवणुकीवर १० टक्क्यांनी व्याज दीड लाख, दोन पाळ्यांच्या दोन कारागिरांचे वेतन साडेचार लाख, आणि जागा, देखभाल व विमा मिळून १ लाख. असा हा स्थिर खर्च वर्षास १२ लाख, म्हणजे महिन्यास १ लाख रुपये होतो. यंत्रतासाचा बाजारातील दर ४०० रुपये व वीज-हत्यारांचा खर्च तासाला ६० रुपये धरला, तर प्रत्येक तासामागे ३४० रुपये उरतात. स्थिर खर्च भरून निघण्यास महिन्याला सुमारे २९४ तास काम हवे. अ जवळ १६० तासांचे काम आहे, ब जवळ १४० तासांचे. अ ने एकट्याने यंत्र घेतले व फक्त स्वतःचे काम केले तर महिन्याला ४५,६०० रुपये तूट येते. दोघांचे ३०० तास एकत्र केले की २,००० रुपये उरतात.

येथवर आले की बहुतेकांना भागीदारीचा पक्ष सिद्ध झाला असे वाटते. वस्तुतः तसे काहीच सिद्ध झालेले नाही. यंत्र अ ने घ्यावे व ब ने आपले १४० तास जॉबवर्क म्हणून त्याजकडे द्यावेत, एवढ्यानेही बेरीज तीच येते. फरक पडतो तो ब ने सहा महिन्यांनी काम काढून घेतल्यास. तेव्हा ४५,६०० रुपयांची तूट एकट्या अ च्या माथी येते, आणि हे ठाऊक असल्यामुळे ब दर पाडून मागू शकतो. ऑलिव्हर विल्यम्सन याने ज्या संधिसाधूपणाचे विश्लेषण केले तो हाच. ३० लाखांचे यंत्र एकदा पायावर बसले की त्याच्या मालकाची सौदाशक्ती कमी होते.

या जोखमीवर भागीदारी हा एक उपाय आहे. समान वाटणी असल्यास तूट प्रत्येकी २२,८०० रुपये होते. परंतु दुसराही उपाय आहे. ब ने दरमहा ठरावीक तासांची हमी द्यावी, व तितके काम न दिल्यास तासाला ३४० रुपयांप्रमाणे भरपाई करावी. हमी १०० तासांची असेल तर ब वर ३४,००० व अ वर ११,६०० रुपये पडतात. ६७ तासांची असेल तर वाटणी जवळजवळ भागीदारीइतकीच होते. म्हणजे जोखीम वाटून घेण्याचे काम दोन पानांच्या करारानेही साधते. या कराराचे उणेपण निराळे आहे, आणि ते सहसा कोणी पाहत नाही. तो एकाच बाजूस संरक्षण देतो. अ चेच १६० तासांचे काम आटले तर ५२,४०० रुपयांची तूट त्याला एकट्यालाच सोसावी लागेल. भागीदारीत तिचा अर्धा भाग ब उचलील.

अर्थात हा सर्व युक्तिवाद दोघांची मंदी एकाच वेळी येत नाही या गृहीतावर उभा आहे. अ पंपांचे भाग करतो व ब साखर कारखान्यांची दुरुस्तीकामे करतो, तर एकाची ओहोटी दुसऱ्याच्या भरतीने झाकली जाईल. परंतु दोघेही एकाच वाहन कारखान्याच्या पुरवठादारांना माल देत असतील, तर मागणी घटताच दोघांचेही तास एकदम घटतात, आणि वाढताच दोघांनाही महिनाअखेरीस तेच यंत्र हवे असते. अशा ठिकाणी भागीदारीने जोखीम विभागली जात नाही, दुप्पट होते. आमच्या मते भागीदारीच्या निर्णयात हा मुद्दा नफ्याच्या प्रमाणापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. तरी चर्चा मात्र प्रमाणाचीच होते.

आता वैधानिक बाजू. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ याच्या चौथ्या कलमातील व्याख्येचा गाभा परस्पर-प्रतिनिधित्वात आहे; व्यवसाय सर्वांनी, किंवा सर्वांच्या वतीने त्यांच्यापैकी कोणी, चालविलेला असावा लागतो. सहावे कलम सांगते की केवळ नफा वाटून घेतल्याने भागीदारी सिद्ध होत नाही. इंग्लंडात १८६० च्या कॉक्स विरुद्ध हिकमन या निवाड्यात प्रस्थापित झालेले तत्त्वच येथे आले आहे. याचा खरा भार पंचविसाव्या कलमात दिसतो. भागीदार असताना फर्मने केलेल्या प्रत्येक कृत्याबद्दल प्रत्येक भागीदार संयुक्तपणे व पृथक्पणे जबाबदार असतो. ब ने फर्मच्या नावे पोलादाची मोठी उधारी केली व ती बुडाली, तर धनको अ च्या राहत्या घरापर्यंत पोहोचू शकतो. जॉबवर्कच्या करारात ही भीती नाही.

नोंदणी ऐच्छिक आहे, परंतु एकोणसत्तराव्या कलमामुळे अनोंदणीकृत फर्मला करारातील हक्कासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने याहून पुढे जाऊन अशा फर्मच्या भागीदारांना विसर्जनाच्या व हिशेबाच्या दाव्यासही मनाई केली होती. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घटनाबाह्य ठरविली.

भांडणे मात्र बहुधा कलमांवरून होत नाहीत, जुन्या यंत्रांवरून होतात. एखाद्याचा एच. एम. टी. चा लेथ वडिलांच्या काळातला. हिशेबात त्याची किंमत शून्य, पण अजूनही शतांश मिलिमीटरात काम देणारा. तो भांडवल म्हणून घालावयाचा तर कोणत्या किमतीस? चौदाव्या कलमानुसार फर्मच्या साठ्यात आणलेली मालमत्ता फर्मची होते, मग बाहेर पडताना लेथ परत मागता येत नाही, त्याची किंमतच काय ती मिळते. यावर सोपा तोडगा असा की जुनी यंत्रे ज्याची त्याच्याकडे ठेवावीत, फर्मने ती भाड्याने वापरावीत, व केवळ नवे यंत्र फर्मच्या मालकीचे असावे. आठव्या कलमाने एका विशिष्ट कामापुरतीही भागीदारी करता येते. एखाद्या मोठ्या ऑर्डरीपुरते एकत्र येऊन पाहण्यास ही सोय उपयोगी आहे, जरी त्या कामापुरते दायित्व अमर्यादच राहते.

मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियम, २००८ याने मधला मार्ग दिला. तेथे एका भागीदाराच्या गैरकृत्याबद्दल दुसरा वैयक्तिकरीत्या जबाबदार नसतो. परंतु नोंदणी व वार्षिक विवरणपत्रे सक्तीची आहेत, आणि यंत्रासाठी कर्ज देताना बँक सामान्यतः भागीदारांची वैयक्तिक हमी मागते. म्हणजे सर्वांत मोठ्या धनकोपुरते मर्यादित दायित्व कागदावरच उरते. प्राप्तिकरात फर्म व ही भागीदारी या दोहोंना ३० टक्के हाच दर आहे, अधिभार व उपकर वेगळे. लहान उत्पन्नाच्या एकल मालकास टप्प्यांचा दर अधिक सोयीचा पडू शकतो. आकार वाढल्याने लघुउद्योगाचा दर्जा जाईल ही जुनी धास्ती मात्र आता फारशी उरलेली नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक व १० कोटींची उलाढाल, आणि लघुउद्योगाची अनुक्रमे २५ व १०० कोटी अशी झाली आहे.

भागीदारीच करावयाची ठरल्यास लेखात कोणत्या गोष्टी याव्यात याची यादी कोणीही वकील देईल. एक मात्र येथे नमूद केली पाहिजे. अन्य करार नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, आणि दोघांच्या फर्ममध्ये तर मागे एकच जण उरतो. तेव्हा वारसाला यंत्राचा हिस्सा द्यावयाचा की पैसे, व किती हप्त्यांत, हे आधीच ठरलेले असावे. मात्र लेख लिहिण्यापूर्वी सहा महिने दोघांनी तासांच्या हमीवर जॉबवर्क करून पाहणे उत्तम. कोणाचे काम किती तास चालले, कोणाची पाळी पुढे ढकलली गेली, रिजेक्शन कोणाच्या माथी बसले, हे रोजच्या रोज वहीत लिहावे. ही वही दोघांनी आपापल्या गाळ्यात स्वतंत्रपणे ठेवावी. सहा महिन्यांच्या अखेरीस दोन वह्यांतील तासांत जो फरक पडेल, तोही या निर्णयासाठी विचारात घेण्याजोगा आकडा आहे.