अंतर तेच, वेळ निराळा : हेलसिंकी ते टोकियो

दोन शहरांमधील किमान अंतर कसे ठरते, हे मागील लेखांकात पाहिले. ते अंतर कापण्यास लागणारा वेळ मात्र केवळ भूगोलावर अवलंबून नसतो, ही गोष्ट फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते.

या दोन शहरांमधील किमान अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. हे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर आखल्या जाणाऱ्या वर्तुळावर मोजतात. टोकियो हेलसिंकीच्या बरेच दक्षिणेला असले, तरी पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला असता तो आधी उत्तरेकडे चढतो, ६७ अंश अक्षांशापर्यंत पोहोचून आर्क्टिक वृत्त ओलांडतो आणि मग सायबेरियावरून जपानकडे उतरतो. या मार्गाचा बहुतांश भाग रशियावरून जातो आणि प्रश्नाचे मूळ नेमके येथेच आहे.

१९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सत्ता असते. त्यामुळे परक्या आकाशातून विमान नेण्यास संबंधित राष्ट्राची अनुमती लागते. सायबेरियावरून थेट उड्डाणाची वाट उपलब्ध नसल्याने फिनएअर या कंपनीने १९८३ साली जादा इंधनटाकी बसवलेल्या डीसी-१० विमानाने उत्तर ध्रुवावरून आणि अलास्काच्या बाजूने टोकियो गाठण्यास प्रारंभ केला, तेव्हा या प्रवासाला सुमारे तेरा तास लागत. सोव्हिएत संघाच्या अखेरच्या काळापासून सायबेरियावरील वाटा क्रमाने खुल्या होत गेल्या आणि हाच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास येऊन ठेपला. युरोपच्या ईशान्य कडेला असलेले हेलसिंकी आशियाकडे जाणाऱ्या प्रवाशांचे विमान बदलण्याचे महत्त्वाचे ठिकाण बनले, ते याच जवळिकीच्या बळावर.

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियानेही तसेच उत्तर दिले आणि प्रवास पुन्हा सुमारे तेरा तासांवर गेला. आता विमानांना एक तर ध्रुवप्रदेश व अलास्का, नाही तर तुर्कस्तान, कझाकस्तान व चीन असा वळसा घ्यावा लागतो. यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा, हे ठरवताना जेट प्रवाहाचा, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा विचार करावा लागतो, कारण पूर्वेकडे जाताना साहाय्य करणारा हा वारा परतीच्या वाटेवर अडथळा ठरतो. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत उतरता येईल असा विमानतळ आवाक्यात ठेवावा लागतो आणि ध्रुवप्रदेशात असे विमानतळ मोजकेच आहेत.

किमान अडीच हजार किलोमीटरच्या या वळशात जादा इंधन जळते, वैमानिकांच्या कामाचे तास वाढतात आणि त्याचा भार अखेर भाड्यावर व वातावरणावर पडतो. चाळीस वर्षांत विमाने अधिक कार्यक्षम व सुरक्षित झाली, तरी प्रवासाचा वेळ जेथून निघाला तेथेच परतला, यावरून शहरांना जवळ आणण्यात यंत्राइतकाच वाटा राष्ट्रांमधील विश्वासाचा असतो, हे ध्यानात येते. म्हणूनच खुल्या आकाशाकडे विमान कंपन्यांची सोय म्हणून न पाहता शांततेने मिळवून दिलेली सामाईक संपत्ती म्हणून पाहणे आणि तिचे मोल जाणणे अगत्याचे आहे.

(पुढील लेखांकात : स्थानिक वेळ आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा)